एक्सप्लेनर : लागलं तरी मूल रडत नाही? ‘किती शूर आहे’ म्हणण्याआधी हे वाचा

लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात एकच कल्लोळ असतो. आत गेलेलं प्रत्येक बाळ किंचाळत बाहेर येतं. एखादं मात्र सुई टोचली तरी नर्सच्या बांगड्यांकडे बघत बसतं. घरी आल्यावर आजी कौतुकाने सगळ्यांना सांगते, ‘आमच्या सोन्याने हूं की चूं केलं नाही.’ पुढे ते चालायला लागतं. गुडघे फोडून घेतं, दारात बोट चेमटतं, आणि क्षणभर थांबून पुन्हा खेळायला पळतं. सोसायटीत, नातेवाईकांत त्याची ‘शूर’ म्हणून ख्याती होते.

बहुतेक मुलांच्या बाबतीत यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण पालकांच्या दृष्टीने एक गोष्ट बदललेली असते. लहान मुलाचं रडणं हा घरातला अलार्म असतो. कुठे लागलं, किती लागलं, डॉक्टरकडे न्यायचं की फुंकर मारून भागेल, हे आई-बाबा त्या आवाजावरून ठरवतात. जे मूल रडतच नाही, त्याच्या घरी हा अलार्म बंद आहे. धोका मात्र इतरांच्या घराइतकाच आहे, कधी कधी जास्तच.

वेदना शरीरात कशी पोहोचते?

हे समजायला वायरिंगचं उदाहरण सोपं पडतं. त्वचेत, सांध्यांत, हाडांच्या आवरणात, आतड्यात बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. ती म्हणजे सेन्सर. तीव्र उष्णता, दाब, टोचणं किंवा सूज यांमुळे ती जागी होतात आणि विजेचा छोटा संदेश पाठीच्या कण्याकडे पाठवतात. तिथून तो मेंदूत जातो. या प्रवासासाठी दोन प्रकारच्या वायरी आहेत. एक जलद, सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाची. दुसरी संथ, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाची. म्हणून पायाचं बोट पलंगाला आपटलं की आधी झटकन कळ जाते आणि मग क्षणभराने तो रेंगाळणारा ठणका सुरू होतो.

उष्णतेचा एक सेन्सर साधारण ४३ अंश सेल्सिअसला चालू होतो. मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही तोच चालू होतो, म्हणून ठेचा खाल्ला की तोंडाची ‘आग’ होते. हा सेन्सर शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तापमान आणि स्पर्शाच्या संवेदनांवरच्या शोधांसाठीचं हे पारितोषिक त्यांना आर्डेम पातापुटियन यांच्यासोबत विभागून दिलं गेलं.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. वेदना पहिल्यांदा जाणवते ती पातळी म्हणजे उंबरठा. जाणवल्यावर माणूस किती काळ निभावून नेतो ती सहनशक्ती. एखाद्या मुलाचा उंबरठाच उंच असू शकतो. दुसऱ्याला दुखतं तितकंच, पण ते दाखवत नाही. बाहेरून दोघं सारखीच दिसतात. डॉक्टरांचं अर्धं काम या दोघांत फरक करणं हेच असतं.

रडत नाही म्हणजे दुखत नाही, असं नाही

लहान मूल पडल्यावर आधी आई-बाबांचा चेहरा बघतं. मोठ्यांनी ‘अरे देवा’ म्हटलं की भोकाड पसरतं, ‘काही नाही, मुंगी मेली’ म्हटलं की उठतं. खेळाच्या नादात असलेलं लक्षही वेदना दाबून टाकतं. काहींचा स्वभावच शांत असतो. आणि ‘मुलगे रडत नसतात’ हे ऐकत वाढलेला चार वर्षांचा मुलगा ओठ घट्ट मिटून बसायला शिकलेला असतो. मराठीत मुलांच्या जखमेला ‘बाऊ’ म्हणतात आणि उगाच मोठं करून सांगण्यालाही ‘बाऊ करणं’ म्हणतात. दुसरा अर्थ कानावर वारंवार पडला की मूल पहिला सांगायचं बंद करतं.

काही मुलांमध्ये वेदना पोहोचते, पण तिचं दिसणं वेगळं असतं. स्वमग्न मुलांना ‘दुखत नाही’ असं अनेक वर्षं सर्रास सांगितलं जात होतं. अलीकडच्या बऱ्याच संशोधनाचा कल वेगळा आहे. वेदना त्यांनाही होते, पण ती रडण्यातून न येता चिडचिड, डोकं आपटणं, अचानक गप्प होणं अशा वाटेने येऊ शकते. डाउन सिंड्रोम असलेली मुलं वेदनेला उशिरा प्रतिसाद देतात आणि नेमकं कुठे दुखतंय हे त्यांना नीट दाखवता येत नाही, असं आढळलं आहे. प्रेडर-विली सिंड्रोम या जनुकीय आजारात तर वेदनेचा उंबरठाच उंच असतो आणि उलटीही सहसा होत नाही. म्हणजे पोटाच्या गंभीर दुखण्याच्या दोन नेहमीच्या खुणा एकदमच नाहीशा होतात.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या वेळी जोडलेल्या टिपांत हे स्पष्ट म्हटलं आहे की, शब्दांत सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक मार्ग आहे आणि सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असं होत नाही. हे आज उघड वाटतं. पण १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही या समजुतीने अनेक ठिकाणी अगदी जुजबी भूल देऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत असत. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये असताना अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास १९८७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. नीट भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडला आणि ती नंतर सावरलीही जास्त चांगली. बाळं तोंडाने काही बोलली नव्हती. त्यांच्या रक्तातल्या संप्रेरकांनी ते सांगितलं होतं.

याचा आजचा व्यवहारातला अर्थ असा, की मूल कितीही ‘शूर’ असलं तरी टाके घालताना किंवा दात काढताना जागा बधिर करून घ्यायलाच हवी.

वेदनेची वायर जन्मतः बंद असते तेव्हा

अगदी थोड्या मुलांमध्ये मात्र संदेश निघतच नाही. या अवस्थेला जन्मजात वेदना-असंवेदनशीलता म्हणतात. तिचं एक महत्त्वाचं कारण सापडलं ते उत्तर पाकिस्तानात. तिथे एक दहा वर्षांचा मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा. केंब्रिजचे डॉ. जेफ्री वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन त्याच्यापासून सुरू झालं. पण त्यांची तपासणी होण्याआधीच तो घराच्या छतावरून उडी मारल्याने मरण पावला.

संशोधकांनी मग तीन कुटुंबांतल्या सहा मुलांचा अभ्यास केला. डिसेंबर २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहाही जणांनी वयाच्या पहिल्या चार वर्षांत स्वतःचेच ओठ किंवा जीभ चावून जखमी केले होते. दोघांच्या जिभेचा पुढचा एक तृतीयांश भाग गेला होता. बहुतेकांची हाडं मोडली होती किंवा हाडांत जंतुसंसर्ग झाला होता, आणि ते कळलं कधी? तर मूल लंगडतंय किंवा एक हात वापरत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आल्यावर. आणि तरीही ही मुलं बुद्धीने इतरांसारखीच होती. त्यांना स्पर्श कळत होता, गार-गरम कळत होतं, गुदगुल्या होत होत्या. फक्त ‘दुखणं’ नव्हतं.

दोष निघाला ‘एससीएन९ए’ नावाच्या जनुकात. मज्जातंतूत विद्युत संदेश पेटवणारा सोडियमचा एक दरवाजा या जनुकावरून तयार होतो. तो तयारच झाला नाही तर सेन्सर जागा झाला तरी संदेश पुढे जात नाही. गंमत अशी की, याच जनुकातल्या उलट बिघाडाने हा दरवाजा गरजेपेक्षा जास्त उघडतो आणि त्या रुग्णांच्या हातापायांची सतत आग होते. एकाच स्विचचे हे दोन बिघाड.

घरासाठी महत्त्वाची बाब २०११ मध्ये पुढे आली. ज्यांचा हा दरवाजा पूर्ण बंद असतो, त्यांना वासही येत नाही. स्वयंपाकघरात गॅस गळतोय, दूध करपतंय, वायर जळतेय, यातलं काहीच त्या मुलाला कळणार नाही. अशा घरात गॅसगळतीचा आणि धुराचा अलार्म बसवण्यात खर्चाचा विचार करू नये.

याचा आणखी एक गंभीर प्रकार आहे. त्यात वेदनेसोबत घामही येत नाही आणि गार-गरमही नीट कळत नाही. त्याचं जनुक जपानचे डॉ. यासुहिरो इंडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये शोधलं. घाम नाही म्हणजे शरीर थंड करण्याची सोयच नाही. अशा बाळांना कारण न सापडणारा ताप वारंवार येतो आणि चढलेला ताप जिवावर बेतू शकतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत अशा मुलाला दुपारी घराबाहेर न्यायचं नाही, अंग ओल्या फडक्याने पुसत राहायचं, शाळा सकाळचीच मागून घ्यायची, ही जगण्याची गरज ठरते.

मेलडी गिल्बर्ट यांचा ‘अ लाइफ विदाउट पेन’ हा २००५ चा माहितीपट अमेरिका, नॉर्वे आणि जर्मनीतल्या अशा तीन मुलींच्या घरात जातो. त्यातल्या अमेरिकेतल्या चिमुरडीने दात आल्यावर स्वतःची बोटं आणि जीभ चावली, म्हणून तिचे दात काढावे लागले. डोळे चोळून चोळून इतकी इजा झाली की तिला गॉगल लावून वावरावं लागलं. वेदना नसलेलं आयुष्य ज्यांना वरदान वाटतं त्यांनी तो बघावा.

मग डॉक्टरकडे कधी जायचं?

मुलाला कान दुखल्यावर, पोट दुखल्यावर किंवा डोकं दुखल्यावर ते कधी तरी कुरकुरत असेल, तर वायर जोडलेली आहे. जन्मजात असंवेदनशीलतेची शक्यता मग फारच कमी. काळजी करायची ती वेगळ्या खुणा दिसल्यावर. प्रत्येक लशीला अजिबात प्रतिक्रिया नसणं, दात येताना जीभ, ओठ किंवा बोटं रक्त येईपर्यंत चावणं, भाजल्याचा फोड आंघोळीच्या वेळीच दिसणं, हाड मोडल्याचं दोन दिवसांनी कळणं, तळपायाची जखम बरीच न होणं, डोळ्यांत कचरा जाऊन लाल झालं तरी तक्रार नसणं, किंवा घाम न येता वारंवार ताप. यातलं काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना ‘हा रडत नाही’ एवढंच न सांगता नेमके प्रसंग, तारखा आणि फोटो दाखवावेत. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ मुलाची संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया, घाम तपासतात आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी सुचवतात. दुर्मीळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.

सगळ्या अंगाऐवजी एकाच जागी संवेदना कमी असेल तर मात्र आधी दुसरी शक्यता तपासावी लागते. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे आणि तिथे टोचलेलं कळत नाही, हे कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं. महाराष्ट्रात हा आजार अजून संपलेला नाही आणि तो मुलांनाही होतो. औषधांनी तो पूर्ण बरा होतो आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. लाजेखातर इथे उशीर केला तर हाताची बोटं जाऊ शकतात.

सौम्य प्रकार किती काळ लपून राहू शकतात याचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या जो कॅमेरॉन. पासष्टी ओलांडल्यावर त्यांच्या हातावर शस्त्रक्रिया झाली. एरवी बरीच दुखणारी ही शस्त्रक्रिया, पण नंतर त्यांनी वेदनाशामक गोळी मागितलीच नाही. तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. देवजित श्रीवास्तव यांना शंका आली. २०१९ मध्ये त्यांच्या जनुकांतला बदल प्रसिद्ध झाला. तोवर स्वयंपाक करताना हात भाजला तर त्यांना तो जळल्याच्या वासाने कळत असे. म्हणजे उणीपुरी सहा दशकं त्यांनी स्वतःला फक्त नशीबवान समजून काढली होती.

घरात नेमकं काय बदलायचं?

एका वाक्यात सांगायचं तर, ऐकणं कमी आणि बघणं जास्त. हा धडा वेल्लोरच्या कुष्ठरुग्णालयात सात-आठ दशकांपूर्वीच मिळाला होता. तमिळनाडूत जन्मलेले ब्रिटिश शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड तिथे काम करत होते. रुग्णांची बोटं ‘गळून पडतात’ अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांना दिसलं ते वेगळंच. बोटं बधिर झाल्यामुळे रुग्ण गरम भांडं सोडत नव्हते, कुलूप उघडताना किल्ली हाडापर्यंत रुतवत होते. आणि काहींची बोटं रात्री झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यावरचा उपाय म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजरी देण्यात आल्या.

पुढे अमेरिकेत ब्रँड यांच्या टीमने कृत्रिम वेदनायंत्रही बनवायचा प्रयत्न केला. हातमोज्यात सेन्सर, दाब वाढला की कानात बीप. रुग्ण बीपकडे दुर्लक्ष करायचे. मग हलका विजेचा झटका द्यायचं ठरलं. तर रुग्ण धोक्याचं काम करायच्या आधी यंत्रच बंद करायचे आणि काम झाल्यावर चालू करायचे. ज्यांनी कधी फोनवरचं कटकटीचं नोटिफिकेशन म्यूट केलं असेल त्यांना हे पटेल. जो अलार्म बंद करता येतो तो माणूस बंद करतोच. म्हणून अशा मुलासाठी कुठलं गॅजेट घेण्यापेक्षा रोजची ठरलेली तपासणी जास्त खात्रीची.

ती आंघोळीच्या किंवा झोपण्याच्या वेळी करावी. तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाचा, गुडघे, कोपर, पाठ, डोक्याची त्वचा, तोंडाच्या आतली बाजू, डोळे. सूज आहे का, एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते का, सांधा पूर्ण वाकतो का. दोन पाय शेजारी ठेवून बघितले की फरक लगेच कळतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण रोज हवं. दात घासण्यासारखं.

पाण्याचं गणित वेगळं करावं लागतं. आपल्याकडे बादलीत आधी कढत पाणी घेऊन मग विसण घालायची सवय आहे. या मुलासाठी उलटं करायचं. आधी गार, मग गरम. ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचाही पाचेक सेकंदांत गंभीर भाजवतं, मुलाची त्वचा तर पातळ. गीझरला अंश ठरवायची सोय असेल तर तो ५० च्या खाली ठेवावा. पाणी मुलाला विचारून ठरवू नये, मोठ्यांनी कोपराने किंवा थर्मामीटरने बघावं. बाकी धोक्यांची यादी प्रत्येक घराची वेगळी असेल, पण दोन गोष्टी मराठी घरांत हमखास विसरल्या जातात. बाइकचा तापलेला सायलेन्सर, ज्याला उतरताना मुलाची पोटरी चिकटते, आणि दिवाळीत विझल्यावर जमिनीवर टाकलेली फुलबाजीची तार.

नवीन बूट पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त घालू नयेत. काढल्यावर पायावर लाल डाग दिसला आणि तो अर्ध्या तासात गेला नाही, तर बूट चावतोय असं समजावं. घालण्याआधी तो उलटा करून झटकावा. जन्मजात असंवेदनशीलता असलेल्या मुलाच्या दातांच्या टोकदार कडा दंतवैद्याकडून गुळगुळीत करून घेता येतात, तोंडात बसणारा मऊ गार्डही मिळतो. दात काढणं हा शेवटचा उपाय.

वेदना नसेल तर आजार कसा ओळखायचा?

मराठीत ‘मुका मार’ हा फार नेमका शब्द आहे. वरून काही दिसत नाही, मार आत असतो. ज्या मुलाची वेदनाच मुकी आहे त्याला बसणारा जवळपास प्रत्येक मार मुका असतो. म्हणून वागण्यातला बदल हाच पुरावा धरायचा. चमचा नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने धरतंय. जिना उतरताना एकच पाय पुढे टाकतंय. एका बाजूनेच चावतंय. कान ओढतंय, आणि मग एक दिवस उशीवर पू दिसतो, म्हणजे कानाचा पडदा फुटला. पोटाच्या बाबतीत धोका सगळ्यात जास्त. ॲपेंडिक्सला सूज आली की साधारणपणे मूल पोट धरून रडतं आणि त्याला वेळेत दवाखान्यात नेलं जातं. इथे जेवण सुटणं, ताप, वाकून चालणं, पोट कडक लागणं एवढंच दिसू शकतं. अशा वेळी ‘रडत नाही ना, मग उद्या बघू’ हे वाक्य घरात कुणीही म्हणू नये.

डोक्याला मार लागला असेल तर तर रडण्याचा हिशेब कुठल्याच मुलात धरायचा नसतो. वारंवार उलटी, गुंगी, बोलण्यात-चालण्यात फरक दिसला की थेट रुग्णालय.

बोलू न शकणाऱ्या मुलांची वेदना मोजायला रुग्णालयांत १९९७ पासून एक पट्टी वापरली जाते. चेहरा, पायांची हालचाल, एकूण चुळबुळ, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. एकूण १०. यात रडण्याला फक्त दोनच गुण आहेत, हे पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं. मूल न रडताही चेहरा, पाय आणि चुळबुळ यांत गुण चढू शकतात. अर्थात ज्याची वायर पूर्ण बंद आहे त्याच्यासाठी ही पट्टीही अपुरी. डॉक्टरांना ते आधी सांगायला हवं, नाहीतर ते पोट दाबून ‘दुखतं का?’ विचारतील आणि ‘नाही’ हे उत्तर खरं मानतील.

‘बाऊ’ शिकवावा लागतो

इतर मुलं निखाऱ्यापासून एका अनुभवात दूर राहायला शिकतात. या मुलाला तो नियम म्हणून शिकवावा लागतो, वाहतुकीच्या सिग्नलसारखा. लाल दिसलं की थांब आणि मोठ्यांना दाखव. रक्त, फोड, सूज, काळंनिळं. त्याला न जाणवणारी गोष्ट डोळ्यांना दिसेल अशा खुणांत बदलून द्यायची. ‘दुखतंय का?’ या प्रश्नाऐवजी ‘दाखव बघू’ आणि ‘काल हा हात इतका वर जात होता का?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं. ज्यांचा उंबरठा फक्त उंच आहे अशा मुलांना शब्द द्यावेत. कळ, ठणका, चुरचुर, रग, झिणझिण्या, चमक. आपल्या भाषेत वेदनेला भरपूर नावं आहेत. ‘दुखत नाही’ म्हणणारं मूल ‘रग लागलीय’ मात्र पटकन सांगतं.

दोन गोष्टींचा त्रास घरच्यांना हमखास होतो. पहिली, धाकट्या भावंडाला लागणारा मार. स्वतःला न दुखणाऱ्या मुलाला आपल्या ढकलण्याने दुसऱ्याला दुखतं हे आपोआप कळत नाही. ते दुष्टपणाने वागत नसतं. दुसऱ्याचा चेहरा बघायला त्याला शिकवावं लागतं. दुसरी, शिक्षा. ‘एक फटका बसला की कळेल’ हा उपाय कुठल्याच मुलासाठी योग्य नाही. या मुलाला तर त्यातून काहीच कळत नाही, त्यामुळे मारणाऱ्याचा हात आणखी जोरात चालण्याची भीती असते.

आणि कौतुक. पाकिस्तानातला तो मुलगा गर्दीसाठी खेळ करत होता. शाळेत ‘हा बघ, याला कंपास टोचला तरी काही होत नाही’ असं सुरू झालं की तोच रस्ता उघडतो. शिक्षकांना, व्हॅनवाल्या काकांना, पाळणाघरातल्या ताईंना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी सांगावं की पडल्यावर मूल रडलं नाही तरी फोन करा. डॉक्टरांचं पत्र आणि जखमांच्या फोटोंची नोंद जवळ ठेवावी. वारंवार भाजलेलं, हाडं मोडलेलं मूल रुग्णालयात आलं की घरात मारहाण होते का, ही शंका डॉक्टरांना यायलाच हवी. ते त्यांचं कर्तव्य आहे. वैद्यकीय नियतकालिकांत अशा कुटुंबांवर निदानाआधी संशय घेतला गेल्याच्या नोंदी आहेत.

यावर उपचार आहे का?

मूळ दोष दुरुस्त करणारा उपचार आज नाही. २०१५ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांना आढळलं की, ‘एससीएन९ए’चा दोष असलेल्या शरीरात नैसर्गिक वेदनाशामकांचं प्रमाणही वाढलेलं असतं. ती रोखणारं नॅलोक्सोन हे औषध दिल्यावर एका ३९ वर्षांच्या महिलेला आयुष्यात पहिल्यांदा लेझरचा चटका दुखला. पण मुलांना रोज द्यायचा तो उपचार झालेला नाही. उलट या मुलांच्या जनुकांवरून बाकीच्यांसाठी वेदनाशामकं शोधण्याची स्पर्धा मोठी आहे. या दरवाजाच्या एका भावंडाला बंद करणारी सुझेट्रिजिन ही गोळी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी मंजूर झाली.

जन्मजात असंवेदनशीलतेच्या या दोन्ही प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. दोघंही स्वतः निरोगी असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यात लग्न झालेलं असेल, उदाहरणार्थ मामेबहिणीशी, तर ही शक्यता जुळून येण्याचा संभव वाढतो, पण नात्यात लग्न नसलेल्या घरांतही तो होतो. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी पहिल्या मुलाचं नेमकं जनुक माहीत असेल, तर गरोदरपणात चाचणी करता येते. त्यासाठी जनुकीय समुपदेशकाला भेटावं. सासरच्यांचा दोष की माहेरच्यांचा, हा वाद तिथे निकालात निघतो, कारण जनुक दोघांकडून आलेलं असतं.

रोजची तपासणी सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हाती हळूहळू देता येते. तळपाय बघायला छोटा आरसा, बाथरूमच्या दारावर शरीराचं चित्र, तपासलेल्या भागावर बरोबरची खूण. पाय, हात, तोंड, डोळे मुलाने बघायचे. पाठ आणि डोक्याची त्वचा मात्र मोठ्यांनीच.